तबला दुकानात वाजवला, मागवला मोबाइलवर: दरातला फरक येतो कुठून?

आमच्या भजनी मंडळाचा तबला दोन वर्षांपूर्वी बदलायची वेळ आली. शाई (तोंडावरचा काळा गोल लेप) उडालेली, पुडी (वरचं कातडं) तीनदा बदललेली, लाकडालाही चीर गेलेली. वर्गणीतून दहा हजार रुपये बाजूला निघाले आणि मी व आमचा तबलजी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात वाद्यांच्या दुकानात गेलो. सवयीने मी आधी दर विचारला. दुकानातले भाई म्हणाले, "पयलीं वाजोवन पळयात, मागीर दराचें उलोवया." म्हणजे आधी वाजवून बघा, मग दराचं बोलू.

पुढचा सव्वा तास त्यांनी आम्हाला दिला. पहिला प्रश्न त्यांचाच होता: गाणार कोण, आणि कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठल्या मूळ सुरात? आम्ही सांगितलं की पुरुष काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या सुरात) गातात, पण एकादशीला बायकांचं भजन असतं, त्या काळी चारमध्ये गातात आणि तबला मात्र दोघांना एकच. त्यांनी दोन तबले शेजारीशेजारी ठेवले. एकाचं तोंड साडेपाच इंचांचं, दुसऱ्याचं पाचाच्या आसपास. मोठ्या तोंडाचा तो ढाला, खालच्या सुरात गोड वाजणारा. लहान तोंडाचा तो टिपेचा. ढाल्याला हातोडीने ठोकत काळी चारपर्यंत चढवायला गेलात तर पुडी फाटेल, नाही फाटली तर आवाज तरी कोरडा पडेल. "डग्गा एकच चालेल, तबले दोन लागतील. आज एक न्या, दुसरा पुढच्या वर्षी," असा त्यांचा सल्ला. (डग्गा म्हणजे डाव्या हाताचा, खर्जाचा; तबला आणि डग्गा मिळून जोडी.) मग तोंडाच्या कडेने असलेल्या सोळाही घरांवर बोट मारून चाटेचा, म्हणजे कडेच्या कातड्याचा, सूर एकसारखा आहे का हे कसं ऐकायचं, ते त्यांनी दाखवलं. शाईवर दिसणारं बारीक भेगांचं जाळं ही खराबी नसते, घासून मुद्दाम आणलेलं असतं, हेही तिथेच कळलं. फोटोत पाहिलं असतं तर मी ती जोडी सदोष म्हणून बाजूला टाकली असती.

दुकानाबाहेर आल्यावर तबलजीने मोबाइल पुढे केला. दिसायला तशीच जोडी 7,200 रुपयांना, घरपोच. भाईंनी सांगितलेला दर 9,500.

हे 2,300 रुपये नेमके कशाचे, यावर मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, दुकानदार लुटतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ऑनलाइनचा माल हलका असणार. दोन्ही बाजू चुकत होत्या. तेव्हापासून मी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आहे आणि जे समजलं ते इथे मांडतो.

दुकानदार एकाच दरात दोन गोष्टी विकत असतो. एक वस्तू, आणि दुसरी ती वस्तू निवडायला केलेली मदत. मदतीत बरंच काही येतं: फळीवर मांडलेल्या सात जोड्या, त्या हाताळायची मुभा, जाणत्या माणसाचा वेळ, चुकीची वस्तू घेऊ नका असं सांगणारा सल्ला. या दुसऱ्या गोष्टीची पावती फाटत नाही. तिचा खर्च वस्तूच्या दरात मिसळलेला असतो. म्हणून मदत घेऊन वस्तू दुसरीकडून घेतली, की मदतीचा खर्च मागे राहतो आणि तो कुणीतरी भरावाच लागतो.

कोण भरतं, ते आकड्यांत पाहू. हे आकडे माझे, समजण्यासाठी घेतलेले आहेत. कुणा दुकानाच्या वहीतले नाहीत. समजा जोडी दुकानदाराला 7,500 ला पडली आणि तो ती 9,500 ला विकतो. हातात राहतात 2,000. जोडी विकली जायला सरासरी आठ महिने लागत असतील आणि पैसे वर्षाला बारा टक्के व्याजाने उचललेले असतील, तर व्याजाचेच 600 जातात. एका गिऱ्हाइकाला तासभर माल दाखवायचा खर्च, म्हणजे त्या वेळेतला भाड्याचा, विजेचा आणि माणसाच्या मजुरीचा वाटा, 300 धरू. दहा जण येऊन वाजवून गेले तर 3,000 खर्च झाले. त्या दहांतल्या सहांनी खरेदी केली, तर प्रत्येक विक्रीच्या माथी 500. हिशेब असा: 2,000 वजा 600 वजा 500, उरले 900. सहा जोड्यांचे 5,400.

आता दहाच जण आले, तेवढाच वेळ बसले, पण सहाऐवजी तिघांनीच घेतली. उरलेले तिघे बाहेर जाऊन मोबाइलवर घेतात. आपल्याला वाटतं की विक्री अर्धी म्हणजे नफाही अर्धा, 2,700. तसं होत नाही. दाखवण्याचा खर्च तोच 3,000, तो आता तीनच जोड्यांवर बसतो, म्हणजे प्रत्येकी 1,000. माल निम्म्या वेगाने हलतो, म्हणजे जोडी फळीवर सोळा महिने बसते आणि व्याज होतं 1,200. 2,000 वजा 1,200 वजा 1,000. प्रत्येक जोडीमागे 200 रुपये तोटा.

हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा तपासून पाहिला. दहांपैकी फक्त तीन माणसांनी बेत बदलला आणि बरं चाललेलं दुकान तोट्यात गेलं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही.

यानंतर दुकानदारापुढे दोन वाटा उरतात. दर वाढवायचा किंवा माल कमी ठेवायचा. दर वाढवला तर मोबाइलमधला दर आणखी स्वस्त दिसतो. सातऐवजी दोनच जोड्या ठेवल्या तर येणारा म्हणतो, "यांच्याकडे काही नसतंच." दोन्ही वाटांनी गिऱ्हाईक आणखी कमी होतं.

अर्थशास्त्रात या गोष्टीवर चर्चा जुनी आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ लेस्टर टेल्सर यांनी 1960 साली एक साधा प्रश्न विचारला होता: उत्पादकांना आपल्या मालावर दुकानदारांनी फार सवलत देऊ नये असं का वाटतं? त्यांचं उत्तर असं की, एक दुकानदार माल दाखवण्यावर, समजावण्यावर खर्च करतो आणि शेजारचा काहीच न करता फक्त स्वस्त विकतो. गिऱ्हाईक पहिल्याकडे शिकतं आणि दुसऱ्याकडे खरेदी करतं. शेवटी पहिलाही समजावणं सोडून देतो. तेव्हा मोबाइल नव्हता, पण दुखणं हेच होतं. मोबाइलने शेजारचं दुकान आपल्या खिशात आणून ठेवलं, एवढाच फरक.

मग दुकानदार सल्ल्याचे पैसे वेगळे का घेत नाही? कारण सल्ला ही विकायला अवघड चीज आहे. तो किती कामाचा हे ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ऐकून झाला की त्याचे पैसे देण्याचं कारण उरत नाही. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञांनी 1962 साली माहितीच्या बाजाराबद्दल हेच सांगितलं होतं. "तुमच्या बायकांना टिपेचा तबला लागेल" हे वाक्य भाईंनी उच्चारलं त्या क्षणी ते आमचं झालं. ते परत कसं करणार?

आता ऑनलाइनची बाजू. 7,200 ला विकणारा धर्मादाय करत नाही आणि खोटा माल देतोच असंही नाही. तो एका वेळी दोनशे जोड्या उचलतो, म्हणून त्याला त्या स्वस्त पडतात. त्याचा माल भिवंडीसारख्या ठिकाणी शहराबाहेरच्या गोदामात असतो, बाजारपेठेतल्या दर्शनी गाळ्यात नसतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचं गिऱ्हाईक देशभर पसरलेलं असतं. गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14 लाख 58 हजार होती. त्यात काळी चारचा तबला हवा असणारे किती? वरच्या हिशेबात भाईंच्या फळीवर तो आठ महिने बसतो, गोदामातून तो आठवड्याभरात जातो. ही बचत खरी आहे. त्या बचतीला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. गिऱ्हाइकाला तिचा लाभ झालाच पाहिजे.

पण 2,300 रुपयांच्या त्या फरकात दोन तुकडे आहेत. एक तुकडा घाऊक खरेदीतून, गोदामातून, जलद उलाढालीतून कमावलेला. दुसरा तुकडा एवढ्याचसाठी स्वस्त आहे की दाखवण्याचं आणि समजावण्याचं काम भाईंनी करून ठेवलं. पहिला तुकडा भाईंचं दुकान बंद झालं तरी राहील. दुसरा राहणार नाही. त्या दिवसापासून आपल्याला चुकीचा तबला घरी यायची, परत पाठवायची, पुन्हा मागवायची किंमत मोजावी लागेल. घासाघीस करताना आपण हे दोन्ही तुकडे एकत्र धरतो आणि सगळंच दुकानदाराच्या लोभाच्या खात्यावर मांडतो. मला खटकतं ते हे.

कुठल्या वस्तूत दुसरा तुकडा मोठा आणि कुठल्या वस्तूत नाहीच, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले: खरेदीआधी पाहून, चौकशी करून पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. तबल्याची हातोडी, पेटीची खोळ, इलेक्ट्रॉनिक तानपुरा या गोष्टी कुठूनही घ्या, त्याच असतात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मी स्वतः ऑनलाइन घेतला आणि त्याचं मला काही वाटत नाही, कारण त्यासाठी मी कुणाचा तास घेतला नव्हता. तबला, पेटी, घुमट (मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं गोव्याचं वाद्य) यांचं तसं नाही. एकाच कारागिराने एकाच दिवशी केलेल्या दोन जोड्याही सारख्या बोलत नाहीत. घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं कातडं वापरतात. 2019 मध्ये घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. बकऱ्याचं कातडं किती जाड, कसं ओढलेलं, हे थाप मारल्याशिवाय कुठल्या फोटोवरून कळणार?

त्यात आपली हवा. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चामड्याचं वाद्य म्हणजे दर पावसाळ्याला एक दुरुस्ती. आर्द्रतेने पुडी सैल पडते, सूर उतरतो. कोरड्या प्रदेशात बांधून आलेली जोडी जुलैत उघडली की कळतं. ती ओढून द्यायला, वादी (पुडी ओढून धरणारी चामड्याची पट्टी) बदलायला, गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) नीट बसवायला जवळ कुणीतरी लागतं. ही दुरुस्ती दुकानदार विक्रीच्या आधारावर करतो. विक्री गेली की नुसत्या दुरुस्तीवर गाळ्याचं भाडं निघत नाही.

भाड्यावरून एक गोव्यापुरती गोष्ट सांगायला हवी. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथल्या जुन्या बाजारांत एकाच धंद्यात मुरलेली जी छोटी दुकानं अजून दिसतात, त्यांतली बरीच जुन्या भाडेकरूंची आहेत. गोवा, दमण आणि दीवचा इमारत भाडे नियंत्रण कायदा 1968 चा. जुनं भाडं हा त्यांचा न दिसणारा आधार आहे. अशा दुकानाने एकदा शटर ओढलं की त्याच गाळ्यात नवं वाद्यांचं किंवा पुस्तकांचं दुकान येणं कठीण, कारण नवं भाडं पर्यटकांच्या खिशाकडे पाहून ठरतं. काजूगर आणि आठवणीच्या वस्तू विकून ते निघतं, तबला विकून नाही. म्हणून इथे एक दुकान बंद होणं म्हणजे ती विद्या त्या गावातून जाणं.

दुकानदारांची वकिली मी करतो आहे असं वाटत असेल तर दुसरी बाजूही सांगतो. दुकानदाराचा सल्ला पूर्ण निरपेक्ष नसतो. फळीवर जे आहे तेच त्याला खपवायचं असतं. काही दुकानांत हात लावू देत नाहीत, बिल मागितलं की कपाळावर आठ्या, बदलून देण्याचं नाव नाही. अशा दुकानाने मदत विकलीच नाही, तर मदतीचे पैसे त्याने मागू नयेत. माझ्या एका नातेवाइकाला एका दुकानात जुनी पेटी नवी म्हणून दिली गेली होती. सूर महिन्याभरात बसले. ऑनलाइन घेतलं असतं तर निदान परत करता आलं असतं. कायद्याचं बळ तिथे बरं आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याचं 48 तासांत कळवावं लागतं आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते.

पुस्तकांच्या बाबतीत काही देशांनी हा प्रश्न कायद्यानेच सोडवायचा प्रयत्न केला. फ्रान्समध्ये 1981 पासून नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. पुढे ऑनलाइनवाले घरपोच सेवा जवळपास फुकट देऊ लागले, तेव्हा 2023 पासून 35 युरोंखालच्या पुस्तक-खरेदीवर किमान तीन युरो पोच-खर्च घेणं बंधनकारक झालं. ब्रिटनमध्ये उलट झालं. 1900 पासून चालत आलेला पुस्तकांच्या स्थिर किमतीचा करार 1990 च्या दशकात मोडला. गाजणारी पुस्तकं सुपरमार्केटात स्वस्त मिळू लागली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत स्वतंत्र पुस्तक-दुकानांची संख्या निम्म्याहून खाली आली. अलीकडे ती थोडी सावरली आहे. सगळा दोष करार मोडण्याचा नाही, इंटरनेट त्याच काळात आलं.

भारतात असं होणं अवघड आहे. पाकिटबंद वस्तूवरची छापील किंमत ही वरची मर्यादा असते, त्याहून कमीला विकायला कुणालाही मोकळीक आहे. कंपनीने दुकानदारांवर किमान दराचं बंधन घातलं आणि त्याने स्पर्धेला बाधा आली, तर 2002 च्या स्पर्धा कायद्यात ते बसतं. विक्रेत्यांनी द्यायच्या सवलतीवर अंकुश ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2021 मध्ये एका मोटार कंपनीला 200 कोटींचा दंड ठोठावला होता. मला हे धोरण मुळात बरोबर वाटतं. दर बांधले की चांगल्या दुकानाबरोबर आळशी दुकानही पोसलं जातं, आणि पैसे जातात गिऱ्हाइकाच्या खिशातून.

पुस्तकांचा विषय निघाला म्हणून थोडं थांबतो. 2011 च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे जवळपास 11 टक्के, म्हणजे दीड लाखाच्या आसपास होते. घरात कोंकणी बोलून मराठी वाचणारे त्याहून वेगळे. एवढ्या वाचकांवर मराठी पुस्तकांचं दुकान चालवणं किती कठीण, ते वरच्या हिशेबावरून दिसेल. आणि पुस्तक चाळण्यात एक गोष्ट आहे जी तबल्यात नाही: आपण जे शोधायला गेलो नव्हतो ते हाताला लागतं. मोबाइलवर नाव टाकलं की तेच पुस्तक येतं. चाळायची ही सोय सरकारी खर्चाने पुरवणारी एक जागा मात्र आपल्याकडे आहे. पाटो, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचं. तिथे तास न् तास चाळा, कुणाचंही नुकसान नाही, कारण त्याचा खर्च आपण सगळ्यांनी करातून आधीच भरलेला आहे.

वाद्यांसाठी असं ग्रंथालय नाही. म्हणून आमच्या मंडळाने शेवटी साधं केलं. आम्ही परत भाईंकडे गेलो, मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "एवढ्याला मिळतोय, तुम्हाला कितीला जमेल?" त्यांनी स्क्रीन नीट पाहिली. डग्ग्याचं वजन लिहिलेलं नाही, पट्टी लिहिलेली नाही, हे दाखवलं. मग 8,800 म्हणाले, आणि वर्षभर ओढून देण्याचं वेगळं काही घेणार नाही, हेही. आम्ही घेतली. खोळ आणि हातोडी मोबाइलवर मागवली, तीही त्यांना सांगूनच.

हा प्रश्न मनात ठेवून त्यांना नंतर मी एकदा सुचवलं की मदतीचे पैसे वेगळे लावून बघा. सल्ला विकता येत नाही हे खरं, पण हातचं काम विकता येतं. गेल्या जूनमध्ये गेलो तेव्हा काउंटरमागे पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला फलक होता: "तबला सुरात लावून मिळेल. इथून घेतलेल्यांना वर्षभर मोफत, इतरांना 300 रुपये." मी होतो तेवढ्यात शाळकरी मुलगा आईबरोबर आला. ऑनलाइन घेतलेली जोडी पिशवीत होती, पावसाने उतरलेली. आईने फलक वाचला आणि काही न बोलता तीनशे रुपये काउंटरवर ठेवले. भाईंनी पैसे गल्ल्यात टाकले, तबला मांडीवर घेतला आणि मुलाला विचारलं, "कुठल्या पट्टीत गातोस, बाबा?"